देहातील दाब मोजणारे स्वामी कुवलयानंद

आपल्या बार्शीटाकळीच्या प्राचीन हेमाडपंती देवालयाचे दगडी खांब शेकडो वर्षे छताचा भार सोशीत उभे आहेत. शिळेवर किती वजन ठेवावे, याचा अंदाज शिल्पकारास होताच. परंतु मनुष्य बैठका काढतो, नमस्कार घालतो अथवा डोक्यावर उभा राहतो, त्या वेळी त्याच्या हाडांवर व पोटातील इंद्रियांवर किती भार वा दाब पडतो? तालमीतील वस्तादास हा प्रश्न विचारला असता तो बहुधा हसला असता. महाराष्ट्रात या जातीचे प्रश्न घेऊन ज्यांनी उपकरणे हाती धरली, त्यांत स्वामी कुवलयानंदांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई गावी झाला. बुद्धी संस्कृतात विशेष चाले व १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांस जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९०७ पासून तीन वर्षे बडोद्यास प्रो. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव हाडे बसविण्यातही निष्णात होते, तेव्हा शरीराची घडण शिष्याच्या डोळ्यांपुढे नित्य असणार. यानंतर अमळनेरास त्यांनी अध्यापन केले व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले.

नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली आणि आयुष्यास निराळे वळण लागले. गुरूंनी योगक्रिया शिकविल्या. शिष्याची श्रद्धा दृढ होती. तथापि या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे पाहिल्यावाचून त्यांस स्वस्थ बसवेना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात आपल्या काही विद्यार्थ्यांस घेऊन उड्डियान व नौली या क्रियांची त्यांनी क्ष-किरणांखाली परीक्षा केली.

बस्तिक्रियेत साधक पिचकारीवाचून आतड्यात पाणी ओढून घेतो. लोकांस हा सिद्धीचा चमत्कार वाटे. कुवलयानंदांनी नळीद्वारे दाबमापक जोडून पाहिले, तो नौलीच्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून उतरलेला आढळला. पाणी चढते ते या फरकामुळेच! त्या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. चमत्काराचा उलगडा करून त्यावर गुरूंचेच नाव कोरणारा शिष्य विरळा.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले व ‘योगमीमांसा’ त्रैमासिक निघू लागले. शीर्षासनात व सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो, हेही तेथे मोजण्यात आले. प्राणायामाची गोष्ट याहून कठीण होती. प्राणायामाने प्राणवायू भरपूर मिळतो, असा सार्वत्रिक समज. मापनाने त्यास आधार मिळेना. अशा प्रसंगी आकडे झाकून ठेवण्याचा मोह कोणासही व्हावा. प्राणायामाचा लाभ अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, हे त्यांनी उघड मांडले व तो अन्यत्र शोधावयास घेतला. योगाचा कैवार घेतलेल्या माणसाने हे लिहिले, याचे आम्हांस अधिक मोल वाटते.

मुंबई इलाख्यातील शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही त्यांनी भाग घेतला.

हाडांवरील भार मात्र त्यांच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर राहिला. जिवंत हाडाशी मापक जोडावा कसा, हीच अडचण. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे देहावसान झाले. त्याच वर्षी स्वीडनमधील शल्यवैद्य रीडेल यांनी रुग्णाच्या खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्यातच मापक ठेवून मिळविलेले आकडे प्रसिद्ध केले. पुढील मापनांत असे दिसून आले की, साधे चालतानादेखील खुब्याच्या सांध्यावर देहाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, आणि धावताना तो आणखी वाढतो.