लक्ष्मीबाई टिळक : सोवळे आणि कृपा

कृपा हा शब्द आपल्या रोजच्या व्यवहारात इतका झिजून गेला आहे की, त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटतही नाही. अर्जाच्या आरंभी आपण कृपया लिहितो, लग्नपत्रिकेवर कुलस्वामिनीची कृपा छापतो, आणि परीक्षेत काठावर पास झालो तर गुरुजनांची कृपा असे म्हणून हसतो. ख्रिस्ती धर्मात मात्र हा शब्द सर्व श्रद्धेच्या मुळाशी आहे. माणसाने मिळवलेले नाही, ज्यावर त्याचा हक्क नाही, असे जे ईश्वर आपण होऊन देतो ती कृपा. बायबलात येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो आणि दिवस मावळायच्या सुमारासही लावतो. संध्याकाळी सर्वांना मजुरी मात्र सारखीच देतो. पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुर करतात.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की कुंभारी लागते. तेथील गोदूताई परुळेकर घरकुलात विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया राहतात. त्यांची मजुरी हजार विड्यांवर. जेवढ्या विड्या तेवढे पैसे, आणि तपासणीत खराब ठरतील तेवढ्या हिशेबातून बाद. अशा घरातून कॉलेजात आलेल्या मुलीला ही गोष्ट सांगितली, तर ती त्या कुरकुरणाऱ्या मजुरांचीच बाजू घेईल. तिचे काही चुकणार नाही. कष्टाचा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला कृपा सहजासहजी पचत नाही. ज्यांना ती अशीच पचली नाही आणि फार उशिरा पचली, अशा एका बाईंची ही हकीकत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळ गोदेकाठी वसलेल्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात सगळे मनू म्हणत. मनूच्या आईचे वडील 1857 च्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले. त्या आघाताने तिच्या वडिलांच्या मनाने एक विलक्षण वळण घेतले आणि सोवळ्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. विटाळाच्या भीतीने सारे घर धुण्यात आणि धुतलेले पुन्हा धुण्यात गुंतलेले असे. आईचा जन्म त्यात गेला. मनूलाही ते लहानपणीच शिकावे लागले. सोवळे ही मोठी चमत्कारिक मिळकत आहे. दिवसभर कष्ट करून ती जोडायची आणि दारात कुणाची सावली पडली की एका क्षणात गमवायची. असा जमाखर्च बालपणी हाडीमाशी भिनला म्हणजे काय होते, हे लक्ष्मीबाईंच्या पुढच्या आयुष्यात दिसते.

अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक, बुद्धीने तल्लख, कवी, आणि स्वभावाने वाऱ्यासारखा. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. खिशात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात जायचा, आणि राग आला की घरात वादळ. पण बायकोला अक्षरओळख करून दिली ती याच माणसाने. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीच्या हातून पुढे मराठीतले एक थोर आत्मचरित्र लिहून झाले, याचे मूळ त्या अक्षरांत आहे.

1893 साली टिळक आगगाडीने राजनांदगावकडे जात असता एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबल दिले. टिळकांनी ते वाचावयास घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. ते तुकारामाच्या अभंगांवर वाढलेले होते. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. दोन वर्षांच्या मानसिक झगड्यानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या पदरात काय पडले, ही गोष्ट माझ्या मते अधिक विचार करण्यासारखी आहे.

नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरी संसार संपलेला. पदरी दत्तू हा लहानगा मुलगा. नवऱ्याकडे जावे तर धर्म जातो, न जावे तर जन्म जातो. अशा स्थितीत त्या बहिणीच्या आधाराने आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरी येऊन राहिल्या. तेथे त्यांनी दुःखाचे दिवस काढले आणि तेथेच मनातला कोंडमारा कवितेतून बाहेर पडू लागला. पंढरपूर म्हणजे कृपेचे माहेर. लाखो वारकरी काही न मागता पायी चालत येतात ते तेवढ्यासाठीच. पण त्याच पंढरीत चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे, आणि अस्पृश्यांना विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. म्हणजे कृपा आणि विटाळ ही दोन्ही एकाच गावात शेजारी नांदत होती. लक्ष्मीबाईंच्या मनातही ती तशीच नांदत होती.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे नगरला परत आल्या, पण सोवळे घेऊन. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. उलट त्यांच्या सोवळ्याची सोय लावून दिली. एरवी क्षणात भडकणाऱ्या या माणसाने इतका धीर धरावा, याचे नवल वाटते. कृपेवर त्यांनी जी प्रवचने केली असतील त्या सर्वांपेक्षा मला हे वेगळ्या चुलीचे प्रकरण मोठे वाटते.

त्या काळात एकदा परजातीच्या हातचे पाणी पिण्याचा प्रसंग आला, तर लक्ष्मीबाईंच्या पोटात कालवले. मन तयार होते, शरीर तयार नव्हते. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की, जाती जर देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जसे निरनिराळे आकार दिसतात तसे माणसामाणसांतही दिसले असते; जन्म आणि मरण सर्वांचे सारखे असताना हा भेद माणसानेच केला असला पाहिजे. विचार अगदी साधा. पंडितांनी तो किती तरी वेळा मांडला असेल. पण जिने जन्मभर घागरी घासल्या त्या बाईला तो आतून सुचला. त्यांनी टिळकांना सांगितले की, यापुढे मी कोणाच्याही हातचे खाईन, पिईन.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या अजून ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. आधी सोवळे सुटले, मग 1900 साली बाप्तिस्मा झाला. नगर जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती मंडळी महार-मांग समाजातून आलेली. त्यांच्या पंक्तीला बसायचे तर सोवळ्याची सारी पुंजी अगोदर सोडून द्यावी लागे. त्यांनी ती सोडली, आणि मग ध्यानात आले की आपले काही गेलेले नाही. द्राक्षमळ्यात त्या दिवस मावळताना शिरल्या. मजुरी पूर्ण मिळाली.

ते वर्ष दुष्काळाचे होते. 1899-1900 च्या त्या दुष्काळाने अनेक मुले पोरकी केली. टिळकांच्या घरात एकामागून एक मुले येऊ लागली. कोणाची जात विचारायची नाही, आहे ते सर्वांना वाटायचे. उपदेश टिळक करीत. भाकऱ्या मात्र लक्ष्मीबाईंना थापाव्या लागत, आणि पीठ नसले तर ते कोठून आणायचे हेही त्यांनाच पाहावे लागे. प्लेग आला तेव्हा आजारी मुलींजवळ त्या तंबूत राहिल्या. स्पर्शाला भिणाऱ्या घरातली मुलगी, स्पर्शानेच मरण येते असे मानले जाणाऱ्या रोगाच्या उशाशी बसली. सोवळे गेले की काय उरते, असे कोणी विचारले तर हा प्रसंग सांगावा.

याचा अर्थ त्या संत झाल्या असा मुळीच नाही. नवराबायकोची भांडणे चालूच राहिली. घरातली वस्तू न विचारता कोणाला देऊन टाकली की त्या टिळकांना चांगले सुनावीत. स्वतःच्या फजितीवर तर त्या इतक्या मोकळेपणाने हसतात की, वाचणाऱ्यालाही हसू आवरत नाही. एका हाताने देणारा आणि दुसऱ्या हाताने घर सावरणारी, अशी ही जोडी होती. देणाऱ्याचे नाव होते, सावरणारीचे होत नाही. हा आपल्या चरित्रलेखनाचा जुनाच दोष आहे.

टिळक 1904 साली पाळक झाले, 1912 पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग त्यांच्याकडे आला. 1917 साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगार गेल्यावर घर कसे चालणार हा प्रश्न अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक वारले.

पुढे त्या मुलाच्या, देवदत्ताच्या, संसाराबरोबर कराचीला राहिल्या, नंतर नाशिकला आल्या. देवदत्ताला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून काढल्या आणि त्याच स्मृतिचित्रे झाल्या. पहिला भाग 1934 साली निघाला. जोडाक्षरांशी कायम झुंजणाऱ्या बाईंचे गद्य मराठीत मानाचे ठरले. त्यात त्यांनी कृपेची व्याख्या कोठेही केलेली नाही. चुलीच्या, घागरीच्या, पाहुण्यांच्या, उधारीच्याच गोष्टी आहेत.

टिळकांचे ख्रिस्तायन हे येशूचे काव्यचरित्र दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. उतारवयात, नातवंडांच्या गलबल्यात, त्यांनी त्याला 64 अध्याय जोडले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. स्मृतिचित्रांचा चौथा भाग त्यानंतर छापून आला, आणि ख्रिस्तायन त्याच्याही नंतर.