मेंढपाळाविना राहिलेल्या कळपासाठी : संत जोसेफ वाझ

वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे आज पनवेल परिसरात राहतात. नव्या वसाहतींतून विखुरलेल्या या माणसांना गाठावे कसे, ही आम्हा धर्मगुरूंची नित्याची चिंता आहे. त्या चिंतेनेच आम्ही संत जोसेफ वाझ यांचे चरित्र पुन्हा हाती घेतले.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८१ मध्ये कानडा प्रांतात प्रमुख धर्मगुरू म्हणून जाताच त्यांच्या वाट्याला भांडण आले. पोर्तुगीज राजसत्तेच्या हक्काखालील गोव्याचे धर्माधिकारी आणि थेट रोमने नेमलेले बिशप या दोहोंत अधिकाराचा वाद पेटला होता. सामान्य भाविकांना मात्र कोणाकडून संस्कार घ्यावेत हेच कळेनासे झाले होते. फादर वाझ यांनी वाद चिघळू दिला नाही. समेटाची वाट शोधत त्यांनी लोकांची सेवा चालू ठेवली.

श्रीलंकेतील श्रद्धावंतांची व्यथा त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १६५८ मध्ये डच सत्तेने जाफना जिंकून कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले होते. सुमारे तीस वर्षे तेथे मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते. १६८७ साली जॉन नावाच्या सेवकासह फादर मजुराच्या वेषात तेथे पोहोचले. अतिसाराने ते मरणाच्या दारी जाऊन आले. पुढे गळ्यात रोझरी घालून ते भिक्षेकऱ्यासारखे दारोदार फिरू लागले. रोझरी पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटे, ते घर आपले! मग रात्री गुपचूप मिस्सा होई. हल्ली कुटुंबांच्या याद्या आमच्या कार्यालयात तयार असतात, तरी किती उंबरे आम्ही ओलांडतो?

१६९२ मध्ये कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. तमिळ त्यांना येत होतीच. कैदेत ते सिंहली शिकले आणि तेथेच मिस्सा अर्पण करू लागले. हळूहळू राजाचा संशय फिटला. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा व सरदार शहर सोडून गेले, आप्तांनी आप्तांना टाकले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रुग्णांची शुश्रूषा केली व मृतांना मूठमाती दिली. जात वा धर्म त्यांनी विचारला नाही.

पुढे बिशपपदाचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला. चरित्रकार याला विनम्रता म्हणतात. आम्हांस वाटते, कानड्यातील अधिकाराचा वादही त्यांना आठवला असावा.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि त्याच शहरात १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. त्यांची कबर मात्र आज कोणाला दाखवता येत नाही. १६ जानेवारी हा त्यांचा सण.