गाडी चुकलेला इंजिनिअर

टाइम झोन म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची डोकेदुखी असं आपण समजतो. पण ती जगासाठी अंगावर घेणारा माणूस रेल्वेचा सर्व्हेअर होता, हे मी सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून जरा कॉलर ताठ करूनच सांगतो. नाव सॅन्डफर्ड फ्लेमिंग.

जन्म १८२७, स्कॉटलंड. १८४५ मध्ये कॅनडाला गेला. तिथलं बीव्हरचं चित्र असलेलं पोस्टाचं तिकीट (१८५१) त्याचंच डिझाइन. पुढे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा चीफ इंजिनिअर झाला.

१८७६ मध्ये आयर्लंडमधल्या एका स्टेशनवर त्याची गाडी चुकली. वेळापत्रकात सकाळचे ५.३५ च्या जागी संध्याकाळचे ५.३५ छापलेले! रात्र तिथेच काढावी लागली. आपल्या भाषेत, आकडा बरोबर पोचला, सोबतची खूण चुकली. दुसरा कोणी स्टेशनमास्तरशी भांडून मोकळा झाला असता. हा गडी २४ तासांच्या घड्याळामागे लागला. १८७९ मध्ये त्याने टोरांटोत योजना मांडली : साऱ्या पृथ्वीसाठी एक वैश्विक वेळ, आणि रोजच्या व्यवहाराला १५-१५ अंशांचे २४ पट्टे, शेजारच्या पट्ट्यात नेमका एक तास फरक. आज एका सिस्टिममधून दुसरीत डेटा नेताना आपण यूटीसीत वेळ साठवतो आणि स्क्रीनवर लोकल दाखवतो, ते वेगळं काय आहे?

१८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिका-कॅनडाच्या रेल्वेंनी पट्टे स्वीकारले (श्रेय त्याच्या एकट्याचं नाही). १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेला तो हजर होता. ग्रीनिच शून्य रेखांश ठरलं, पण पट्ट्यांचा ठराव काही झाला नाही. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. भारताने १९०६ मध्ये साडेपाच तास घेतले. मुंबई मात्र अडून बसली!

१९१५ मध्ये फ्लेमिंग वारला, तेव्हा मुंबईतली बरीच घड्याळं ग्रीनिचच्या फक्त ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत टिकला. त्यामुळे १९५० सालची मुंबईची एखादी जन्मवेळ नव्या डेटाबेसमध्ये टाकायची झाली, तर डोळे झाकून साडेपाच तास वजा करून चालत नाही. ती कुठल्या घड्याळावर बघितली, हे आधी विचारावं लागतं. आणि नोंदीत ते लिहिलेलं नसेल, तर कुठलाही प्रोग्रॅम ते शोधून देऊ शकत नाही.