पदवीविना पक्षीशास्त्राच्या शिखरावर : डॉ. सलीम अली

बारावीनंतर जीवशास्त्राची वाट धरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. वैद्यकीय शाखेकडे जायचे नसेल, तर प्राणिशास्त्राची किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन पुढे करायचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका तरुणापुढेही हाच प्रश्न उभा होता. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास हा चरितार्थाचा मार्ग होऊ शकतो, असे सांगणारे कोणी नव्हते. ज्येष्ठ पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी तो मार्ग स्वतः आखला. औपचारिक पदवी नसल्याची किंमत त्यांनी मोजली आणि पुढे त्याच विषयातील उच्च पदवीचे दार त्यांनी इतरांसाठी उघडले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वयाच्या पहिल्या वर्षी वडिलांचे आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. गिरगावातील खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांचा सांभाळ केला. या घरात शिकारीची आवड होती. लहानग्या सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली होती.

एके दिवशी त्या बंदुकीने टिपलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी कप्पे उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि नमुने जतन करण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. एका शाळकरी मुलाच्या शंकेसाठी काढलेला तो वेळ भारतीय पक्षीशास्त्राला फार मोलाचा ठरला.

अर्धवट शिक्षण आणि ब्रह्मदेश

शालेय शिक्षणात मात्र सलीम अली चमकले नाहीत. डोकेदुखीच्या जुनाट विकाराने अभ्यासात वारंवार खंड पडत असे. हवापालटासाठी त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले. १९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्षच त्यांना जड गेले आणि शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा भोवतालच्या घनदाट अरण्यानेच त्यांना अधिक शिकवले.

१९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर व्यवहार म्हणून त्यांनी दावर महाविद्यालयात वाणिज्य कायदा आणि हिशेबशास्त्र शिकण्यास प्रारंभ केला. या वळणावर त्यांना दुसरे मार्गदर्शक भेटले. सेंट झेवियर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी या तरुणाचा कल अचूक हेरला आणि त्याला प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सकाळी वाणिज्याचे वर्ग आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. विद्यापीठाची पदवी मात्र हाती आली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीचे मन व्यापारात नाही, हे ओळखून तेहमिना यांनी अखेरपर्यंत त्यांच्या पक्षी अभ्यासाला साथ दिली.

पदवीअभावी हुकलेली संधी

भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेत पक्षीशास्त्रज्ञाचे पद होते. सलीम अलींना ते हवे होते. पक्ष्यांचे ज्ञान होते, नमुने हाताळण्याचा अनुभव होता, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती नोकरी त्यांना मिळाली नाही. हा धक्का मोठा होता.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे दरमहा ३५० रुपये वेतनावर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनच वर्षांत आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्र संग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी वर्गीकरणशास्त्राचे धडे घेतले. हेलिगोलँड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतराचा मागोवा घेण्याची पद्धतही त्यांनी पाहिली. पदवीने जी शिस्त अंगी बाणायची, ती त्यांनी वयाच्या तिशीत अशी मिळवली.

१९३० मध्ये मायदेशी परतल्यावर निधीअभावी त्यांचे पदच रद्द झाल्याचे त्यांना कळले. उत्पन्न थांबले. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून हे दांपत्य अलिबागजवळील किहीम या किनारी गावात राहू लागले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात सलीम अली तासन्‌तास तिचे निरीक्षण करीत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पसंत करते, त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नव्या घरट्याला आरंभ करतो, हा क्रम त्यांनी नोंदवला. या संशोधनाने त्यांचे नाव जाणकारांत पोहोचले. बेकारीच्या दिवसांतील हे काम त्यांच्या कारकिर्दीचा पाया ठरले.

संस्थानांतील सर्वेक्षणे आणि ग्रंथसंपदा

पगारी नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःचे काम स्वतः निर्माण केले. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळाल्यास विनावेतन पक्षी सर्वेक्षण करून देण्याचा प्रस्ताव त्यांनी संस्थानांपुढे ठेवला. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी भ्रमंती केली. १९३९ मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. हा आघात सोसून त्यांनी काम चालूच ठेवले.

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' या पुस्तकाने सामान्य वाचकाला पक्षी ओळखायला शिकवले. अमेरिकी शास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. स्वातंत्र्यानंतर आर्थिक अडचणीत आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला सावरण्यासाठी त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंकडे मदत मागितली. भरतपूरचे पक्षीतीर्थ आणि केरळमधील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठीही त्यांनी आपले वजन खर्ची घातले.

इतरांसाठी उघडलेले दार

पदवीअभावी नाकारल्या गेलेल्या या शास्त्रज्ञाला अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. पुढे दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनीही हा सन्मान केला. त्यांच्या नावामागील 'डॉ.' ही उपाधी अशी आली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व त्यांना लाभले.

याहून महत्त्वाचे काम वेगळे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीत संशोधन करून विद्यार्थ्यांना एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळू लागली. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरण पक्ष्यांवरच संशोधन केले. किहीममध्ये बेकारीत पाहिलेला विषय अशा रीतीने विद्यापीठीय प्रबंधाचा झाला. २० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. १९९० मध्ये कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षीशास्त्र आणि निसर्गविज्ञान केंद्र स्थापन झाले. हे केंद्र आता डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा भाग आहे.

आज प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला अध्यापन, संशोधन, वस्तुसंग्रहालये, पर्यावरणीय सर्वेक्षण अशी अनेक क्षेत्रे खुली आहेत. भारतीय वन सेवेच्या परीक्षेसाठी पात्र ठरणाऱ्या पदवी विषयांतही हे दोन्ही विषय आहेत. सलीम अलींचे चरित्र पदवी अनावश्यक असल्याचे सांगत नाही. ती नसल्यामुळे वाट किती लांबते, हेच ते दाखवते. त्याचबरोबर केवळ पदवी पुरेशी नसते, हेही त्यातून कळते. ब्लाटर यांच्यासारखा शिक्षक शोधणे, संग्रहालयातील नमुने हाताळणे, सुटीत एखाद्या जिवाचे सलग निरीक्षण करून नोंदी ठेवणे या गोष्टी पदवीच्या पहिल्याच वर्षापासून करता येतात.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून घोषित केला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिन. जीवशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याने निरीक्षणाची पहिली वही उघडावी, यासाठी हा आठवडा अगदी योग्य आहे.