गमतीची चित्रे काढणारे सुकुमार राय

आज मी तुम्हाला सुकुमार राय यांची माहिती सांगतो. ते बंगाली भाषेतले मुलांचे मोठे लेखक होते. गोष्टी आणि कविता पण स्वतः लिहायचे आणि चित्रे पण स्वतःच काढायचे.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्याला झाला. त्या शहराला आता कोलकाता म्हणतात. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर हे सुद्धा मुलांसाठी लिहीत व चित्रे काढीत. त्यांचा स्वतःचा छापखाना होता. बहीण सुखलता पण चित्रे काढायची. मी वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढली की बोलणी खातो. त्यांच्या घरी मात्र चित्र काढणे हेच काम होते.

सुकुमार हुशार होते. कॉलेजात ते पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकले. तरुणपणी त्यांनी मित्रांचे एक गमतीचे मंडळ काढले. त्या मंडळाचे एक हस्तलिखित मासिक होते. त्याला नाव दिले होते साडेबत्तीस भाजा. बत्तीस भाजा हा आपल्या चिवड्यासारखा खाऊ असतो. म्हणजे आपल्या भित्तिपत्रकासारखेच ते पण हाताने लिहायचे!

१९११ साली ते छपाई आणि फोटोग्राफी शिकायला इंग्लंडला गेले. लंडन व मँचेस्टर येथे शिकून १९१३ मध्ये परत आले. त्याच वर्षी वडिलांनी मुलांसाठी संदेश नावाचे मासिक सुरू केले होते. बंगालीत संदेश म्हणजे बातमी आणि संदेश म्हणजे मिठाई पण. १९१५ साली वडील वारले. मग सुकुमार संपादक झाले. ते मासिकासाठी लिहायचे, चित्रे काढायचे आणि छापखाना पण बघायचे.

त्यांची चित्रे फार गमतीची आहेत. एक प्राणी अर्धा बदक आणि अर्धा साळिंदर आहे. हजबरल या त्यांच्या गोष्टीत एका मुलाचा रुमाल असतो. तो उचलायला जातो तर रुमालाचे मांजर झालेले असते. मी हे घरी सांगितले तर आजी पण हसली.

पण आता वाईट वाटणारी गोष्ट आहे. १९२१ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याच वर्षी त्यांना काळा आजार झाला. हा आजार वाळूमाशी नावाची बारीक माशी चावून होतो. तेव्हा त्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. ते अडीच वर्षे आजारी होते. तरी अंथरुणात बसून ते लिहीत होते, चित्रे काढत होते. रवींद्रनाथ टागोर त्यांना भेटायला आले आणि त्यांनी गाणी म्हणून दाखवली.

मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता. आठ दिवस मी पेन्सिल हातात धरली नाही. नुसता रडत होतो. सुकुमार राय यांना तर अडीच वर्षे आजार होता, आणि ते दुसऱ्यांना हसवायचे काम करत होते. हे मला फार मोठे वाटते.

त्या आजारपणात त्यांनी आबोल ताबोल हे कवितांचे पुस्तक तयार केले. आबोल ताबोल म्हणजे काहीच्या बाही बडबड. पण १० सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले. वय फक्त ३५ वर्षे होते. पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी निघाले. त्यांना ते बघायला मिळाले नाही.

त्यांचा मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. तोच पुढे सत्यजित राय नावाचा जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक झाला. बंद पडलेले संदेश मासिक त्यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले. ते पण मुलांसाठी लिहायचे आणि चित्रे काढायचे. आबोल ताबोल बंगाली मुले अजून वाचतात.

खाली मी अर्धा बैल आणि अर्धा मोर असा प्राणी काढला आहे. तो बघून काढलेला नाही, मनाने काढला आहे. कोणी हसले तरी चालेल. हसण्यासाठीच काढला आहे.

सुकुमार राय यांना माझा नमस्कार.

इयत्ता चौथी