चांदीच्या कणांचा किमयागार

त्र्यंबकेश्वर येथील एका संस्कृतज्ञ घराण्यात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना सारा देश भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो. मात्र, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी कित्येक वर्षे ते दगड, शाई आणि रसायने यांच्याशी झुंजणारे कारागीर होते, याचा सहसा विसर पडतो.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेऊन त्यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगने तेथे त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून ते लोणावळ्यात शिळाछापाच्या कामाकडे वळले. या छपाईचे सारे मर्म दगडाच्या पृष्ठभागात असते. बारीक कणांची सच्छिद्र चुनखडी पाणी शोषून घेते. तिच्यावर डिंक व सौम्य आम्ल यांचे संस्कार झाले, की रेखाटलेला भाग तेवढा तेलकट शाई धरतो. उरलेला ओला राहून ती नाकारतो. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही गेले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि भरभराटीला आलेला छापखाना त्यांनी सोडला.

याच विपन्नावस्थेत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांना नवा ध्यास लागला. अहोरात्र प्रयोग करताना काही काळ दृष्टीही अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथून आणलेल्या कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे होते कच्च्या फिल्मचे ज्ञान. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडताच कणावर चांदीचा अदृश्य ठिपका उमटतो. पाण्याने फुगलेल्या जिलेटिनमधून रसायन आत झिरपते आणि त्या कणाचे काळ्या चांदीत रूपांतर करते. जिलेटिनमधील गंधकाचा अंश कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांची प्रकाशसंवेदनशीलता वाढवतो, हे रहस्य कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये उलगडले. फाळके यांची भिस्त तोवर नजर व अनुभव यांवरच होती. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. प्रसंगी दागिनेही दिले.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी आपला व्याप नाशिकला हलवला. १९१७ च्या 'लंकादहन'ने अमाप यश दिले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. पण भागीदारीने येथेही दगा दिला. बोलपटांचे युग आले आणि १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये, जवळजवळ विस्मृतीतच, त्यांचे निधन झाले.

त्या काळातील कित्येक मूकपट आगीत भस्मसात झाले, तर कित्येक त्यांतील चांदी काढण्यासाठी मोडीत गेले. 'राजा हरिश्चंद्र'चाही आज काही भागच उरला आहे. ज्या चांदीने पडद्यावर देवदेवतांना चालते केले, तिच्याच मोहापायी तो वारसा विरघळून जावा, हे आपले दुर्दैव. १९६९ पासून त्यांच्या नावे देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. उरलेल्या फिल्म जपणे ही त्या सन्मानाचीच दुसरी बाजू होय.