सत्यनिष्ठ संशोधक : रॉबर्ट मिलिकन

मुलांनो, खेळताना बाद झालो तरी आपण पंचांशी वाद घालतो. मनाविरुद्धचा निकाल मान्य करणे कुणालाच सोपे नसते. मग स्वतःच अनेक वर्षे मेहनत करून मिळवलेला, पण आपल्याला न पटणारा निकाल जगापुढे ठेवायला किती मोठे मन लागत असेल! अशाच एका शास्त्रज्ञाची ही ओळख.

रॉबर्ट मिलिकन यांचा जन्म २२ मार्च १८६८ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. कॉलेजात ते ग्रीक भाषेचे हुशार विद्यार्थी होते. एकदा ग्रीकच्या प्राध्यापकांनीच त्यांना पदार्थविज्ञान शिकवण्यास सांगितले. तो विषय आपल्याला येत नाही, असे मिलिकन म्हणाले. पण प्राध्यापकांनी ऐकले नाही. मग त्यांनी सुट्टीत पाठ्यपुस्तक घेऊन त्यातील उदाहरणे सोडवली. पुढे १८९६ साली ते शिकागो विद्यापीठात शिकवू लागले.

धातूवर योग्य प्रकाश पडला, की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. यालाच प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात. पण यात एक कोडे होते. सोडियमवर लाल प्रकाश कितीही प्रखर टाकला, तरी इलेक्ट्रॉन बाहेर येत नाहीत. जांभळा प्रकाश मंद असला, तरी ते लगेच बाहेर येतात. असे का?

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी याचे उत्तर दिले. प्रकाशाची ऊर्जा लहान लहान पुड्यांच्या रूपात येते. जांभळ्या प्रकाशाची पुडी मोठी, लाल प्रकाशाची लहान. एक इलेक्ट्रॉन एक पुडी घेतो. तिच्यातील काही ऊर्जा धातूतून सुटण्यासाठी खर्च होते. उरलेली त्याला वेग देते. पुडी लहान असेल, तर इलेक्ट्रॉन आतच राहतो.

प्रकाश म्हणजे लाटा, असे मिलिकन मानत. आइन्स्टाइन यांचे म्हणणे त्यांना मुळीच पटले नाही. त्याची परीक्षा घ्यायची, असे त्यांनी ठरवले. काम अवघड होते. सोडियमला हवा लागताच त्याचा पृष्ठभाग खराब होतो. म्हणून त्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि लिथियम हे धातू हवा काढून टाकलेल्या काचेच्या भांड्यात ठेवले. आत एक चाकू बसवला. बाहेरून चुंबकाने तो चालवून ते धातूचा वरचा थर तासत. मग त्या ताज्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून ते इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजत.

मोजमापांचा आलेख काढला, तर तो सरळ रेषेत आला. आइन्स्टाइन यांचे समीकरण बरोबर ठरले! १९१६ साली मिलिकन यांनी हा निकाल सविस्तर प्रसिद्ध केला. ऊर्जेच्या पुड्यांची कल्पना त्यांना तेव्हाही पटत नव्हती. तरीही त्यांनी तो निकाल लपवला नाही. याच प्रयोगातून त्यांनी प्लँकच्या स्थिरांकाची किंमत काढली. आजच्या किमतीत आणि तिच्यात एक टक्क्याचाही फरक नाही.

आइन्स्टाइन यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक याच नियमासाठी मिळाले. १९२३ साली मिलिकन यांनाही नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणे आणि हा प्रयोग, या दोन्ही कामांसाठी तो सन्मान होता. १९ डिसेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, प्रयोगशाळेत तुमचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, तर वहीतला आकडा खोडू नका. पुन्हा मोजा आणि जे दिसेल तेच लिहा. मिलिकन यांनी तेच केले.